मिलची सोयरीक

आमच्या साडभाऊंना कुठलीही गोष्ट एकटी दिसली की राहवत नाही. जगात जे जे एकेकटं आहे, ते कुणीतरी मधे पडायचा आळस केला म्हणूनच तसं राहिलं, अशी त्यांची पक्की समजूत आहे. आमच्याकडे बशी फुटल्यामुळे एकटा उरलेला एक निळ्या फुलांचा कप बरीच वर्षं खिळे ठेवायच्या कामी येत होता. साडभाऊंनी तो पाहिला, उलटासुलटा केला आणि मला न विचारता पिशवीत टाकला. आठवड्यानं परत आले ते वारासिवनीच्या कुणाच्या तरी घरून तशीच निळ्या फुलांची बिनकपाची बशी घेऊन. "दोघंही एकमेकाईची वाट पाहून राह्यले होते, साडभाऊ," असं म्हणून त्यांनी त्या कपबशीतून चहा प्यायला, आणि खिळे माझ्या हातात दिले. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे अक्का, ही यांची बायको. त्या नात्यानं मीही त्यांचा साडभाऊच लागतो आणि तेही मला त्याच नावानं हाक मारतात. पण सीमेलगतच्या हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटात नुसतं 'साडभाऊ' म्हटलं तर ते, मी नव्हे. मला गावात फार लोक ओळखत नाहीत. मी बँकेतून निवृत्त झालेला, दुपारी जेवून झोपणारा माणूस आहे, आणि माझ्या झोपेचा या गृहस्थांइतका मोठा शत्रू दुसरा कोणी नाही.

त्यांचा धंदा होता राइस मिलला लागणारे रबराचे रोल विकण्याचा. दोन रोल एकमेकांना घासत फिरतात आणि त्यांच्यामधून गेलेल्या धानाचं तूस निघतं. यंत्रसुद्धा जोडीजोडीनं चालणारं त्यांनी निवडलं, हा योगायोग नसावा. रोल विकायला ते स्कूटरवरून रामपायलीपासून हट्ट्यापर्यंत आणि किरनापूरहून पार लांजीपर्यंत सगळ्या मिली पालथ्या घालत, आणि प्रत्येक मिलमध्ये धान आणणारे शेतकरी बसलेले असत. शेतकऱ्यांना मुलं होती, मुली होत्या. त्यामुळे रोलची ऑर्डर एकीकडे लिहिली जाई आणि दुसरीकडे सोयरीक ठरे. कंपनीच्या साहेबानं एकदा विचारलं की तुमच्या भागात विक्री चांगली आहे, पण तुम्ही एकेका मिलमध्ये अर्धा दिवस काय करता? साडभाऊंनी खरं ते सांगितलं. साहेबानं आपल्या पुतणीची जन्मवेळ सांगितली. ती पुतणी आज गोंदियाला सुखात आहे.

सोयरीक जुळवायचे त्यांचे काही नियम होते, आणि त्या नियमांपुढे कोणाची सावकारी चालत नसे. हुंड्याचा शब्द निघाला की साडभाऊ चहाचा कप तसाच ठेवून उठत. दुसरा नियम त्यांचा स्वतःचाच. तो मी दुसऱ्या कोणाकडे पाहिलेला नाही. बैठक बसली की दोन्ही पक्षांनी आधी आपापली खोट सांगायची. गुण मागून. "गुन तं कोनीही सांगते. खोट सांगा, म्हंजे मानूस कळते," असं ते म्हणत. एका बैठकीत मुलाचा बाप घाम पुसत म्हणाला की पोरगा चांगला आहे, पण घोरतो, आणि साधासुधा घोरत नाही. तेवढ्यात आतून मुलीची आई म्हणाली, "मंग बरं झालं. आमची एकदा झोपली का कानाजोळ डफडं वाजवलं तरी उठत नाई." ते लग्न त्याच बैठकीत ठरलं. आणि लग्न लागलं की साडभाऊ पंगतीला बसत नसत. मांडवाच्या बाहेर येऊन उभे राहत, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत आणि आपल्याशीच म्हणत, "चला, एक घर भरलं." मी पुष्कळदा त्यांच्या शेजारी उभा असायचो, कारण स्कूटर त्यांची असे आणि ते निघाल्याशिवाय मलाही निघता येत नसे. त्यांनी जुळवलेलं एकही लग्न मोडलं नाही. याचा त्यांना गर्व आहे, आणि तो त्यांना शोभतो.

मग रोल विकणं संपलं आणि पाठोपाठ सोयरिकीही संपल्या. मुलंमुली आता फोनवर जुळतात. खोट कोणी सांगत नाही, उलट फोटोतली होती नव्हती ती खोट पुसून टाकतात. साडभाऊ वर्षभर मोकळे हिंडले. त्या वर्षात त्यांनी एका न्हाव्याला एका पडीक दुकानाशी जुळवून दिलं, एका भजनी मंडळाला पेटीवाला गाठून दिला आणि माझ्या बायकोच्या मदतीनं मला पहाटे फिरायला जाणाऱ्या लोकांशी जुळवायचा प्रयत्न केला. तो फसला. आणि मग एक दिवस भर दुपारी, माझा नुकता डोळा लागला असताना, ते खाटेच्या उशाशी येऊन उभे राहिले. "साडभाऊ, उठा. एक स्थळ सापडलं." मी विचारलं, मुलगा कोण? "किरनापूर रस्त्यावरची शेठची मिल." आणि मुलगी? "इद्यापीठ." मी पुन्हा डोळे मिटले, पण काही उपयोग झाला नाही.

त्यांचं म्हणणं असं होतं. किरनापूर रस्त्यावर शेठची मिल आहे. जिल्ह्यातला सुगंधी बारीक तांदूळ, ज्याला आम्ही चिन्नोर म्हणतो, तो भेसळ न करता काढणारी ती जुनी मिल. पण शेठच्या यंत्रातून तांदूळ अख्खा निघेना, निम्मा तुकडा होऊन पडे, आणि तुकड्याला भाव कोण देतो? शेठनं रोल बदलले, मिस्त्री बदलला, शेवटी मिलचं दार दुसऱ्या दिशेला केलं. आता एका माणसानं ती जागा मंगल कार्यालयासाठी मागितली होती, आणि या हंगामात तांदूळ सुधारला नाही तर विकून टाकतो, असं शेठनं घरात जाहीर केलं होतं. आता त्याच रस्त्यावर, मिलच्या थोडं अलीकडे, विद्यापीठाचं धान्य संशोधनाचं एक लहानसं केंद्र आहे. तिथे सागर गावाकडची, हिंदी बोलणारी एक तरुण प्राध्यापिका होती. केंद्राची प्रमुख तीच, आणि शिपाई सोडला तर कर्मचारीही तीच. तांदूळ का तुटतो यावरच ती काम करत होती, आणि तिला खरी चालती मिल कोणी दाखवत नव्हतं. "एकाच रस्त्यावर राह्यते दोघं," साडभाऊ कळवळून म्हणाले, "रोज एकमेकाईच्या दारावरून जाते, अन् तोंड पाह्यलं नाई. काहून? मधे पडाले कोनी नाई म्हनून! अन् मंगल कार्यालयासाठी मिल पाडाची, म्हंजे लग्नासाठी घर मोडनं झालं."

पहिली अडचण नेहमीचीच आली: आधी कोणी कोणाच्या दारी जायचं? शेठ म्हणाला, "मी काहून जाऊ? पढाई त्याईची, गरज त्याईले." प्राध्यापिका म्हणाली, चावल उनका टूटता है, वो आएँ. साडभाऊंनी निकाल दिला की ज्याच्या घरी भर पडायची आहे त्यानं पाहायला जावं. सबब मिल हा वरपक्ष आणि विद्यापीठ हा वधूपक्ष. त्याआधी त्यांनी दोन्हीकडची गुपचूप चौकशी केलीच. केंद्रासमोरच्या पानठेल्यावर बसून त्यांनी बाई किती वाजता येतात, यंत्रावर कापड पडलेलं असतं की धूळ, हे काढून घेतलं. एवढंच नव्हे तर खुद्द प्राध्यापिकेला, तुमचे गुरुजी कोण आणि ते कोणाच्या हाताखाली शिकले, असं तीन पिढ्यांचं कूळ विचारून घेतलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला शास्त्राची आवड आहे.

पाहणीचा दिवस मी विसरणं शक्य नाही. शेठ एकटा येईल अशी तिची कल्पना. शेठ आला तो थोरला भाऊ, मेव्हणा आणि आत्याबाई यांना जीपमध्ये घालून, अंगात नवा बुशशर्ट आणि हातात पेढ्यांचा पुडा. सगळे एका ओळीत खुर्च्यांवर बसले आणि प्राध्यापिकेकडे पाहू लागले. तिला संशय आला. "मामाजी, ये लड़की दिखाने का कार्यक्रम है क्या?" ती साडभाऊंना म्हणाली, "मैं प्रोफेसर हूँ." साडभाऊ दुखावल्यासारखे म्हणाले, "तुमाले कोन पाहून राह्यलं, बाई? आमी तं इद्या पाहाले आलो." मग त्यांनी नियमाप्रमाणे दोन्ही पक्षांना खोट सांगायला लावली. शेठ भिंतीकडे बघत पडेल आवाजात म्हणाला की माझा तांदूळ तुटतो, आणि का तुटतो हे मला कळत नाही. इतकी वर्षं तो हे रोलवर ढकलत आला होता. असं सरळ त्यानं प्रथमच म्हटलं. प्राध्यापिकेची पाळी आली. तिनं तोंड उघडायच्या आत आत्याबाईंनी कोपऱ्यातल्या लहानशा यंत्राकडे बोट केलं आणि मुलीला चार पावलं चालायला सांगावं तशा म्हणाल्या, "चालवून दाखवा जरा." यंत्रानं दोन मुठी धान खाल्लं, खाकरलं आणि बंद पडलं. प्राध्यापिकेचा चेहरा पडला, आणि मग तीच हसायला लागली. "यही हमारी खोट है," ती म्हणाली. "इससे बड़ी मशीन पर मैंने आज तक कुछ करके नहीं देखा." तिथेच शेठची कळी खुलली. ज्या घरी आपली खोट इतक्या मोकळेपणानं सांगतात ते घर चांगलं, असं आत्याबाईंनी जीपमध्ये बसताना मत दिलं.

दिवाळीनंतर नवं धान आलं आणि प्राध्यापिका मिलच्या अंगणात दिसू लागली. पोतं सोडताना बघायची, दाणे उन्हाकडे धरून भिंगातून बघायची, मिलमधल्या बायकांबरोबर डबा खायची आणि त्यांच्याकडून आमची भाषा उचलायची. थोड्याच दिवसांत तिनं दुखणं शोधलं. शेठ घाई करून एकाच कडक उन्हात धान सिमेंटच्या अंगणावर वाळवत असे आणि गरम असतानाच यंत्रात टाकत असे. दाणा वरून वाळलेला, आतून ओला. त्याच्या पोटात डोळ्याला न दिसणारी चीर पडे आणि रोलमध्ये गेला की तो मोडे. उपाय सांगितला तो असा की धान अर्धं वाळवा, सावलीत ढीग करून विसावू द्या, पुन्हा ऊन द्या, पुन्हा विसावू द्या, मग मिल करा. शेठ उखडला. "धान काय जावई हाय, आराम कराले?" पण करून पाहिलं. पहिल्यांदा फसलं, कारण तिच्या प्रयोगशाळेत जे मूठभर दाण्यांना लागू पडे ते मिलमधल्या उंच ढिगाला पडेना. ढीग आतून तापला. मग ढीग किती उंच करायचा आणि केव्हा उलटायचा हे शेठनं आपल्या अनुभवानं बसवलं, आणि तिनं ते मोजून पक्कं केलं. एके दिवशी यंत्राखाली पाटीत अख्खा, लांब, वासाचा तांदूळ पडू लागला. शेठनं ओंजळ भरून घेतली आणि ती नाकाशी धरून तसाच उभा राहिला. साडभाऊ स्कूटरवर बसून हे बघत होते, आणि त्यांचा चष्मा पुसायला निघालाच होता.

पण चष्मा पुसायची घाई झाली. त्याच आठवड्यात दोघांचं भांडण जुंपलं. शेठ म्हणाला, हे माझ्या अंगणात सापडलं, माझ्याच अंगणात राहील. बाकीच्या मिलवाल्यांना कळलं तर माझ्या तांदळाला विचारतो कोण? प्राध्यापिका म्हणाली, हे विद्यापीठाचं काम आहे, छापलं नाही आणि लोकांना सांगितलं नाही तर माझी इथली सगळी मेहनत पाण्यात. मग हे केंद्र तरी कशाला ठेवायचं? गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते. खोटं बोलणारा एक जरी असता तरी साडभाऊंनी त्याला वठणीवर आणलं असतं. त्या दुपारी ते माझ्याकडे आले आणि चहाला नको म्हणाले. हे याआधी कधी घडलं नव्हतं. मी घाबरून त्यांना घरी पोचवायला गेलो. अक्का ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं सगळं ऐकलं आणि मान वर न करता म्हणाली, "पोरगी दिली म्हनून तिचं माहेर तुटते का? पयल्या आखाडाले येतेच न मायघरी."

साडभाऊ ताडकन उभे राहिले. मला मात्र अक्काकडे बघवेना. आमच्याकडे नव्या नवरीनं पहिला आखाड माहेरी काढायचा असतो. आखाड लागला की त्यांच्या गल्लीतल्या घराघरांत लेकी येतात, ओट्याओट्यावर हसणं-खिदळणं चालतं. आणि साडभाऊ-अक्कांना मूलबाळ नाही. दर आखाडात अक्का आमच्याकडे, आपल्या बहिणीकडे, राहायला येते. का येते हे तिला कोणी विचारत नाही. ज्या माणसानं एवढ्यांची घरं भरली त्याच्याच घरी हे असं असावं, याचा मला राग येतो आणि तो कोणावर काढावा हे कळत नाही.

तर तोडगा असा निघाला: हंगामभर ही विद्या सासरी, म्हणजे शेठच्या मिलमध्ये नांदेल, आखाड लागला की माहेरी येईल, मग प्राध्यापिकेनं ती छापावी, गावभर सांगावी. आखाडात मिली तशाही थंडावतात. शेठला पटलं, प्राध्यापिकेलाही पटलं. विद्यापीठाच्या जबलपूरच्या ऑफिसात करारनामा हिंदीत लिहिला जात असताना तिथल्या बाबूनं तारीख मागितली, तर साडभाऊ फोनवर म्हणाले, "आखाड लागला का नाई हे शेंबड्या पोरालेही कळते. तारीख कायले पाह्यजे?" बाबूनं लिहिलं, 'आषाढ लगने तक'. सह्या झाल्या. पेढे वाटले गेले. हंगाम असा गेला की मंगल कार्यालयवाल्यानं दुसरी जागा बघितली.

आणि वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शेठची जीप साडभाऊंच्या दारात करकचून थांबली. "तुमची पोरगी पळून गेली!" शेठ गल्लीतूनच ओरडला. गल्ली बाहेर आली. यांना पोरगी नाही हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे जो तो एकमेकांकडे बघू लागला. अक्का दारात आली आणि म्हणाली, "आमाले कुठची पोरगी, शेठ?" शेठनं फोन पुढे केला. प्राध्यापिकेनं जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या मिलवाल्यांना निरोप धाडला होता, की अमुक दिवशी व्याख्यान आहे, तांदूळ अख्खा कसा काढावा हे सांगितलं जाईल, अवश्य या. निरोप शेठलाही आला होता. "आखाड लागाले पंधरा दिवस हायत अजून! कराराचा कागद झाला, अन् हे असं? पुढच्या हंगामाले त्या बाईनं माह्या फाटकात पाय ठेवाचा नाई. तुम्हीबी ठेवाचा नाई." जीप गेली. साडभाऊ खाली बसले. त्यांच्या एकदम ध्यानात आलं होतं. आम्ही सीमेवरची माणसं. अर्ध्या गावाचा महिना अमावास्येला संपतो, अर्ध्याचा पौर्णिमेला. हिंदी पंचांगाचा आखाड मराठी आखाडाच्या पंधरा दिवस आधी लागतो. सागरच्या पोरीचा लागला होता, शेठचा लागायचा होता. जन्मभर सोयरिकी जुळवताना 'पंचांग कोनतं?' हा त्यांचा पहिला प्रश्न असे, आणि नेमका याच वेळी तो विचारायचा राहिला.

त्यांना केंद्रावर मी नेलं. स्कूटर मी चालवली. प्राध्यापिकेनं करारनामा समोर ठेवला. तिची काहीच चूक नव्हती, आणि आपली चूक नसल्याचा जो एक ताठा असतो तो तिच्यात पुरेपूर होता. "लगा कि नहीं आषाढ, मामाजी? आप ही बताइए." साडभाऊ म्हणाले, "हौ, तुमचा लागला. त्याईचा लागाचा हाय. खोट माही हाय, बाई. मी पंचांग इचारलं नाई." आणि त्यांनी करारनामा घडी करून तिच्यापुढे सरकवला. पंखा फिरत होता, बंद पडलेलं छोटं यंत्र कोपऱ्यात होतं. ती म्हणाली, जाऊ द्या ना, एक सोयरीक मोडली तर तुमचं काय जाणार? ते म्हणाले, "माह्या हातचं एकही मोडलं नाई. अन् यानंतर माह्याजोळ कोन येते जुळवाले? हे शेवटचंच हाय." मग तिनं फोन उचलला आणि व्याख्यान पंधरा दिवस पुढे ढकलल्याचा निरोप सगळ्यांना धाडला. जबलपूरच्या ऑफिसनं कारण विचारलं. तिनं कळवलं, 'पंचांग'. ऑफिसला ते कारण बिनतक्रार पटलं.

व्याख्यान कसं झालं ते आधी सांगून टाकतो. मराठी आखाडाच्या पहिल्याच दिवशी झालं, सभागृह भरलं, मिलवाले आले, शेतकरी आले. प्राध्यापिका निम्म्या वाटेत ढिगाच्या उंचीपर्यंत आली आणि, हा भाग शेठ सांगतील तर बरं, असं म्हणून थांबली. शेठ पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तो उठला, मंचावर गेला आणि इतके दिवस जिवापाड जपलेलं सगळं, ढीग किती, उलटायचा केव्हा, हात घालून ऊब कशी पाहायची, घडाघडा सांगून मोकळा झाला. खाली उतरताना म्हणाला, "पोरीनं पंधरा दिवस माह्यासाठी थांबवलं, मी काय एवढंही करू नाई का?" पुढच्या हंगामाचा करार तिथेच ठरला. या वेळी तारीख घातली. बाकी मिलवाले मात्र दुसऱ्याच गोष्टीचं नवल करत होते. एरवी मोकळ्या केसांनी येणारी ही प्राध्यापिका त्या दिवशी मंचावर चापूनचोपून तेल लावलेल्या, घट्ट वेणीत उभी होती, आणि तेल कपाळावर ओघळलं होतं.

त्या वेणीची गोष्ट सकाळची. त्या वर्षी अक्का आमच्याकडे आली नव्हती. नवऱ्याची उमेद खचलेली पाहून ती घरीच राहिली होती. बायकोनं दिलेलं लोणचं पोचवायला म्हणून मी गेलो होतो. गल्ली लेकींनी भरलेली, आणि यांचं दार अर्धं लोटलेलं. साडभाऊ ओट्यावर पेपर उलटा धरून बसले होते. तेवढ्यात शेठची जीप आली. त्यातून प्राध्यापिका उतरली आणि ड्रायव्हरनं तांदळाचं एक पोतं उतरवलं. व्याख्यान पुढे गेल्याच्या निरोपानं शेठचा राग उतरला होता, आणि माहेरी रिकाम्या हातानं पाठवत नसतात म्हणून त्यानं शिदोरी दिली होती. केंद्राला कुलूप होतं, शिपाई सभागृहात खुर्च्या लावायला गेलेला. मग माहेर कुठलं? पोतं ओट्यापाशी ठेवून ती उभी राहिली. 'मैं प्रोफेसर हूँ' म्हणणारी ती पोरगी, मिलच्या बायकांकडून उचललेल्या बोलीत म्हणाली, "आखाड लागला, मामाजी. मी आली."

अक्का दार पूर्ण उघडून बाहेर आली. तिनं काहीही विचारलं नाही. प्राध्यापिकेचा हात धरून तिला पायरीवर बसवलं, आतून तेलाची वाटी आणली आणि तिच्या मागे बसली. "केस काहून असे मोकळे सोडते वं? डोक्याले तेल नाई काई नाई." प्राध्यापिका एवढंच म्हणाली की चार वाजता व्याख्यान आहे, आणि मग डोळे मिटून तिनं मान मागे टाकली. शेजारच्या ओट्यावरच्या लेकी इकडे बघत होत्या. साडभाऊंनी पेपर ठेवला, चष्मा काढला आणि पुसायला लागले. मी वाट पाहिली. इतकी वर्षं प्रत्येक मांडवाबाहेर ऐकलेलं ते वाक्य आता येईल म्हणून थांबलो. ते पुसतच राहिले. मग मीच म्हणालो, "साडभाऊ, एक घर भरलं."

"हौ," ते म्हणाले, आणि पोतं उचलून आत न्यायला मला हाक मारली.